माझा जपानी संयम

२ मार्च, सकाळ

आजपासून टीव्ही बंद. वर्तमानपत्र बंद. सोसायटीच्या सेक्रेटरींशी जिन्यात बोलणं बंद. या देशाचं काय व्हायचं ते माझ्याशिवाय होऊ दे. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवून मी देशासाठी पुरेसं केलं आहे. सध्याचे मंत्री ज्या भाषेत बोलतात ती ऐकून त्याचा उपयोग झालेला दिसत नाही.

त्याऐवजी जपानी साहित्य. लायब्ररीत इंग्रजी भाषांतरांचं एक अख्खं कपाट आहे, कुठल्याशा दूतावासाने भेट दिलेलं. लायब्ररीतली चष्मेवाली म्हणाली, मॅडम, ती पुस्तकं कोणी नेत नाही, हवी तेवढी न्या, आम्ही उद्या उघडू की नाही आम्हालाच माहीत नाही. पिशवी भरून आणली. खांदा दुखतो आहे.

लेकीचा फोन नाही. मी वाट बघत नाहीये. नोंद म्हणून लिहिलं.

२ मार्च, संध्याकाळ

पहिली कादंबरी सुरू. निवृत्त पोस्टमास्तर डोंगरात राहायला जातो आणि बर्फ बघतो. दोन प्रकरणं झाली, अजून बघतोच आहे. मन कसं शांत झालं. खाली चौकात दोन मोर्चे समोरासमोर आले, घोषणा, शिट्ट्या, मग काचा फुटल्याचा आवाज. मी शांतपणे पान उलटलं.

(गॅलरीत जाऊन बघितलं, पण बसून नाही. उभ्या उभ्या.)

४ मार्च

टीव्ही लावला. फक्त हवामानासाठी. हवामान सांगायच्या आधी सरकार पडलं, त्यामुळे तेही ऐकावं लागलं. आता काळजीवाहू सरकार. कोणाची काळजी वाहतं कोण जाणे.

लेकीबद्दल एकदाच लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल. ती कॉलेजात इतिहास शिकवते. शहराच्या त्या टोकाला एकटी राहते, कारण आईजवळ राहिलं की म्हणे श्वास कोंडतो. गेल्या महिन्यात तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी सरकारविरुद्ध एका पत्रकावर सह्या केल्या. कॉलेजने सगळ्यांना निलंबित केलं, गेटवर नावं लावली. मग मला फोन. मी एवढंच म्हणाले, सही करताना मला विचारलं होतंस? मग आता निस्तर तुझं तू. माझ्याकडे येऊ नकोस.

कुठलीही आई रागाच्या भरात हेच बोलली असती. या मुलीने जन्मात माझं एक ऐकलं नाही. केस कापू नकोस म्हटलं, कापले. इतिहास घेऊ नकोस म्हटलं, घेतला. आणि नेमकं हे ऐकलं.

विषय संपला.

५ मार्च

रिक्षा थांबल्याचा आवाज आला की गॅलरीत जाते, कुंड्यांना पाणी घालायला. मनी प्लँट कुजला.

७ मार्च

धाकटी बहीण फोनवर तासभर बोलली. लेक तिला सगळं सांगते, मला काही नाही. बातमी अशी: घरमालकाने तिला खोली सोडायला सांगितली. पत्रकावर सही केलेली भाडेकरू नको म्हणे. परदेशातल्या एका विद्यापीठाने वर्षभरासाठी बोलावलं आहे. विमानतळ सुरू राहिला तर ती जाईल.

वर्षभर म्हणजे किती ते मला समजतं. वर्षासाठी गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची मुलं तिथल्या शाळेत जातात.

धाकटी म्हणाली, ताई, पोरीला जायचं नाहीये गं. तू फोन कर आणि एक शब्द बोल. ये. बास. मी म्हणाले, तिला गरज असेल तर ती करेल. धाकटी म्हणाली, तुझं नाक जरा वेळ काढून फ्रीजमध्ये ठेव, फोन झाला की परत लाव.

लहानपणी मीच हिचा अभ्यास घेत असे. वाया गेलं सगळं.

८ मार्च

मार्ग सापडला! पोस्टमास्तरातच सापडला.

त्याची बायको घर सोडून निघते. बॅग भरून दारात उभी. हा काय म्हणतो? जाऊ नकोस? अजिबात नाही. म्हणतो, आज आंघोळीचं पाणी अगदी बेताचं तापलं आहे. ती क्षणभर थांबते. आत येऊन बॅग उघडते. संपलं!

प्रस्तावनेत भाषांतरकाराने लिहिलंच आहे की या समाजात महत्त्वाची गोष्ट उच्चारायची नसते, समोरच्याने ती ओळखायची असते. याला म्हणतात संस्कृती. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या की सभ्य बाईने आवाज चढवू नये. मी तो जन्मभर चढवला, कारण मी सभ्य बाई नव्हते, वर्गशिक्षिका होते. आता निवृत्त आहे. आता संयम.

संकल्प: लेकीला परत बोलवायचं, पण बोलायचं नाही.

१० मार्च

पहिला प्रयोग. जपानी कादंबरीत रुसलेल्या माणसाला फळ पाठवतात. पर्सिमॉन. पर्सिमॉन म्हणजे काय ते मला नीट माहीत नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर चित्र आहे, ते थेट टोमॅटोसारखं दिसतं. बाजार अर्धा बंद. फार शोधून चांगले लाल टोमॅटो मिळवले, एकेक पुसला, धाकटीबरोबर पाठवले. सोबत निरोप काहीही नाही. निरोप दिला की मजा गेली.

१० मार्च, संध्याकाळ

धाकटीचा फोन. लेकीने पिशवी उघडली, बराच वेळ टोमॅटोंकडे बघितलं आणि विचारलं, मावशी, आई हे कोणावर फेकायला सांगते आहे?

दोघी खूप हसल्या म्हणे.

हसली, म्हणजे प्रगती आहे.

१३ मार्च

दुसरा प्रयोग. दुसऱ्या कादंबरीत दोन माणसं फोन कानाला लावून बसतात आणि काही न बोलता पाऊस ऐकतात. पुढच्या पानावर त्यांचं सगळं मिटलेलं असतं.

माझ्या मोबाइलवरून फोन केला तर माझं नाव दिसणार, आणि ती समजणार की मीच आधी नमले. म्हणून सेक्रेटरींकडे गेले (जिन्यात न बोलण्याचा संकल्प मोडला नाही, घरात बोलले) आणि त्यांच्या फोनवरून लावला. तिने उचलला. हॅलो म्हणाली. आवाज ऐकून माझा श्वास जोरात चालायला लागला. मी काही बोलले नाही. पाऊस नव्हता. त्याच वेळी खालून कर्फ्यूची गाडी गेली, घराबाहेर पडणाऱ्यांवर कडक कारवाई होईल, असं ओरडत. तीही सूचना तिला पूर्ण ऐकू दिली. मग हळूच फोन ठेवला.

फार सुंदर क्षण होता. सेक्रेटरी विचारत होते, लागला नाही का? त्यांना काय समजणार.

१४ मार्च

धाकटी रडत होती. सह्या करणाऱ्यांना गेले काही दिवस निनावी फोन येत आहेत. शिव्या, धमक्या. लेकीने आजवर दाद दिली नव्हती. काल मात्र एक वेगळाच आला. अनोळखी नंबर, नुसता श्वास, आणि मागे कडक कारवाईची धमकी. रात्रभर दाराला टेबल लावून बसली म्हणे. सकाळी नंबर बदलला. नवा नंबर मावशीशिवाय कोणालाही द्यायचा नाही.

मी काही बोलले नाही. संयम.

धाकटीने विचारलं, ताई, ऐकते आहेस ना? तुझा श्वास का चढलाय?

१५ मार्च

पुस्तक उघडलं नाही.

नंबर धाकटीकडे आहे. मागितला की मिळेल. पण मागितला तर ती विचारणार कशाला, आणि मग टोमॅटोपासून सगळं सांगावं लागणार. लेकीच्या खोलीवर जावं तर दिवसभर कर्फ्यू, मधे दोन तास सूट, आणि बस बंद.

हे असते तर त्यांनीच फोन करून टाकला असता. त्यांना कसला मानच नव्हता. कोणालाही ये म्हणायचे. मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा. घरात सतत कोणीतरी चहा पीत बसलेलं असे. मला त्याचा किती राग येई.

१६ मार्च

तिसरी कादंबरी. या वेळी चूक होणार नाही, कारण या वेळी तळटीप आहे.

म्हातारी आई. दूर गेलेली मुलगी एक दिवसासाठी घरी येते. दोघी काही बोलत नाहीत. मुलगी आत बसलेली असताना आई हळूच दाराशी जाते आणि मुलीच्या चपला वळवून ठेवते, टाचा घराकडे, बोटं रस्त्याकडे. तळटीप: पाहुण्याला निघताना वाकावं लागू नये, सरळ चपलेत पाय घालता यावा, म्हणून यजमान असं करतो. आदराची आणि मायेची ही फार जुनी रीत. मुलगी त्या चपला बघते आणि तिचे डोळे भरून येतात.

माझ्याही डोळ्यांत काहीतरी गेलं. पंखा पुसायला हवा.

१८ मार्च, सकाळ

लेक उद्या येणार! कर्फ्यूच्या सुटीत, दहा ते बारा. निरोप घ्यायला. परवा संध्याकाळचं विमान. धाकटीने तिला हात जोडून तयार केलं म्हणे. मला म्हणाली, ताई, देवाने दिलेली संधी आहे, उद्या तोंड उघड. आयुष्यभर नको तिथे उघडलंस, उद्या हवं तिथे उघड.

मी तिला म्हणाले, बघच तू.

१८ मार्च, संध्याकाळ

तिची जुनी खोली दिवसभर आवरली. माझी शिलाई मशीन, रद्दी, यांची औषधं, सगळं बाहेर काढलं. नवी चादर. तिची पुस्तकं पुसून लावली, इतिहाससुद्धा. टेबलावर दिवा. आता ती उद्यापासून इथे राहू शकते. विमानतळावर जायची काही गरज नाही.

पण खोली दाखवायची नाही. दाखवणं म्हणजे बोलण्यासारखंच झालं. दार लोटून ठेवायचं. तिला जाणवेल.

१९ मार्च, दुपार

झालं. शब्दशः कादंबरीसारखं.

ती आली. बारीक झाली आहे. केस आणखी कापलेत. मी म्हणाले, ये. नाही, म्हणाले नाही. दार उघडून बाजूला झाले, म्हणजे तेच. ती हॉलमध्ये खुर्चीच्या टोकावर बसली. मी चहा केला. दोघी गप्प. बाहेर गस्तीची गाडी. तिने विचारलं, आई, बरी आहेस ना? मी म्हणाले, आहे. तिने विचारलं, गुडघा? मी म्हणाले, आहे. ती लोटलेल्या दाराकडे बघून म्हणाली, माझी खोली बंद केलीस वाटतं. मी फक्त हसले, किंचित, पोस्टमास्तरासारखी.

मग ती कप हातात घेऊनच यांच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. ती पाठमोरी होती. हीच वेळ. मी दाराशी गेले, वाकले (गुडघा!) आणि तिच्या चपला वळवल्या. बोटं रस्त्याकडे. अगदी सरळ, एकमेकींना चिकटून. हाताने धूळही पुसली.

ती वळली. तिने चपलांकडे बघितलं. मग माझ्याकडे. पुस्तकात आहे तसेच तिचे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, पोहोचलं!

ती म्हणाली, बरं आई, निघते मी. चपलेत सरळ पाय घातला, वाकावं लागलं नाही. जिना उतरताना वळून बघितलं नाही. तेही पुस्तकात आहे.

अजून दहा ते बाराची सूट संपायला वेळ होता. वाटलं होतं जरा बसेल.

आता ती घरी जाईल, विचार करेल, आणि सामान घेऊन परत येईल. रात्रीच्या जेवणाला तांदूळ दोघींचे घेतले आहेत.

२० मार्च, सकाळ

आली नाही. कर्फ्यूमुळे असेल. भात उरला.

२० मार्च, दुपारी १

सुटीच्या दोन तासांत धाकटी स्वतः आली. चालत. दारातूनच ओरडायला लागली. म्हणाली, ताई, तू पोरीच्या चपला दाराकडे फिरवून ठेवल्यास? लाज नाही वाटली? चहाचा कप हातात असताना? तोंडाने जा म्हणाली असतीस तरी चाललं असतं, ते तरी तुझं नेहमीचं होतं!

मी शांतपणे पुस्तक आणलं. पान काढून दिलं. तळटीप दाखवली. धाकटीने चष्मा लावून तळटीप वाचली. मग खाली बसली आणि हसायला लागली, आणि मग ते हसणं नव्हतं. म्हणाली, अगं पण तिने कुठे वाचलंय हे?

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

मी म्हणाले, नंबर दे. तिने दिला. लावला. नेटवर्क बंद. धाकटीचाही बंद. सगळ्या शहराचाच बंद, सरकारने सकाळपासून. विमान सहाचं. धाकटी घरी पळाली, सूट संपत आली होती.

२० मार्च, दुपारी ३

कर्फ्यूचा पास सेक्रेटरींकडे असतो, प्रत्येक इमारतीला एक, आजाऱ्यांसाठी. त्यांच्या घरी गेले. त्यांनी विचारलं, कोण आजारी? मी म्हणाले, मी. ते म्हणाले, काय होतंय? मी म्हणाले, तुम्हाला सांगून काय उपयोग, तुम्ही डॉक्टर आहात का? ते म्हणाले, मॅडम, रजिस्टरमध्ये कारण लिहावं लागतं, आणि हॉस्पिटल डावीकडे, तुम्ही विमानतळाचा रस्ता विचारता आहात.

खरं सांगितलं असतं तर त्यांनी दिला असता. त्यांची सून लेकीच्याच कॉलेजात शिकलेली आहे. सरळ सांगायचं, मुलगी चालली आहे, तिला थांबवायचं आहे. त्याऐवजी मी त्यांना म्हणाले की तुमच्यासारख्या शिक्के मारणाऱ्या माणसांमुळेच देशाची ही गत झाली, हातात एक कागद आला की स्वतःला गव्हर्नर समजता, आणि मीटिंगचं इतिवृत्त कसलं लिहिता, एक वाक्य धड नसतं.

या माणसासमोर जीभ कशी छान चालली.

त्यांनी दार लावलं.

२० मार्च, संध्याकाळी ६.३०

गॅलरीतून विमान दिसतं का बघितलं. एक दिसलं. तेच असेल असं नाही.

२१ मार्च

काही नाही.

२४ मार्च

नेटवर्क सुरू. लेकीचा इथला नंबर आता बंद आहे. धाकटीला तिचा मेसेज आला, पोहोचले, खोली मिळाली की सगळ्यांना फोन करेन. सगळ्यांना म्हणजे मलाही. धाकटी म्हणते, तुलाही.

संकल्प (शेवटचा): फोन आला की पहिल्या वाक्यात, ये. दुसरं काही बोलायचं नाही. जपान बंद.

सराव हवा. सकाळी गॅलरीत उभं राहून मोठ्याने म्हणून बघितलं. ये. कोरडं वाटलं. ये गं. वर्गात बोलावल्यासारखं वाटलं. मग मान जरा तिरकी करून, हात पुढे करून, ये ना. हे जमलं. तेवढ्यात खालून आवाज आला, आलो!

सेक्रेटरी. मला काही सुचायच्या आत वर येऊन खुर्चीत बसले सुद्धा. म्हणाले, मॅडम, झालं गेलं मी विसरलो. तुम्ही त्या दिवशी बोललात ते लागलं होतं, खोटं कशाला बोलू. पण बोलावलंत, बास. आमच्या घरी मला ये म्हणणारी एकच होती, ती जाऊन चार वर्षं झाली.

चहा करावा लागला. दोन कप प्यायले. काळजीवाहू सरकारची बाजू घेऊन बोलत होते. मी भांडले नाही.

एका शब्दात होतं हे सगळं. चुकीच्या माणसावर झालं, पण होतं.

२५ ते २८ मार्च

सराव रोज. आता गॅलरीत नाही, स्वयंपाकघरात, खिडकी लावून. मोबाइल आंघोळीलाही बरोबर नेते. शब्द आता अगदी तोंडात बसला आहे. काल झोपेत म्हणाले असेन, कारण स्वतःच्याच आवाजाने जाग आली.

मी पूर्ण तयार आहे.

२९ मार्च, दुपारी ४

फोन आला. लांबलचक नंबर. तीच होती. आवाज इतका स्वच्छ, जणू ती लोटलेल्या दाराआड बसली आहे.

तिथे थंडी आहे. खोली लहान आहे. शेजारीण दिवसभर पियानो वाजवते. मी विचारलं, जेवतेस ना? म्हणाली, हो. मग म्हणाली, आई, मेच्या सुरुवातीला दहा दिवस सुटी आहे, विमानं सुरू असतील तर. येऊ का मी घरी?

स्वतःहून. सरळ विचारलं. लहान असताना शाळा सुटली की ती स्टाफरूमच्या दारात उभी राहून असंच विचारायची, येऊ का. मला तेव्हा वह्या तपासायच्या असत.

शब्द जिभेवर होता. खरंच होता. आठवडाभर दुसरं काही बोललेच नव्हते. नुसतं तोंड उघडायचं होतं.

मी म्हणाले, तुझी मर्जी.

ती म्हणाली, बरं. सांभाळून राहा. आणि फोन बंद.

दुपारी ४.१०

तुझी मर्जी म्हणजे काय दुसरं? मर्जी असेल तर ये, असंच ना? कोणीही तसाच अर्थ घेईल. आणि मी नको म्हणाले नाही. हे कोणीतरी लक्षात घ्यायला हवं, की मी या वेळी नको म्हणाले नाही.

दुपारी ४.२५

तो नंबर परत लावला. लागतच नाही.

दुपारी ५

धाकटीला फोन केला. म्हणाले, तिचा फोन आला होता, येऊ का विचारत होती. धाकटी आनंदाने किंचाळली. विचारलं, मग तू ये म्हणालीस ना? मी म्हणाले, जवळजवळ.

धाकटी काही बोलली नाही. खूप वेळ बोलली नाही. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

हे न बोललेलं मात्र मला सगळंच्या सगळं कळलं.